मधल्या कप्प्यातला चष्मा

"आजोबा, आपल्या खणातला चष्मा तुम्ही स्वतः घालाल का?"

तोंड माझं होतं, पण पैज भोंग्याची होती. भोंगा म्हणजे आमच्या वर्गातली ती मुलगी, जिला आयुष्यात माइकची गरज पडणार नाही. शाळेतल्या नळाशी पाणी पिता पिता तिने अट घातली होती, "एकट्या आजोबांना कोपऱ्यात गाठून विचारलंस तर धरणार नाही. सगळे जेवायला बसलेत आणि तू विचारलंस, तर मानलं तुला."

तर सगळे बसले होते. सुट्टीचा दिवस, खाली आमचं चष्म्यांचं दुकान बंद, वरच्या मजल्यावरचं लांब टेबल. टोकाला आजोबा, त्यांच्या उजव्या हाताला काका, मग काकू. समोरच्या बाजूला बाबा, आई आणि मी. ताटांच्या मधोमध छापखान्यातून आलेले पत्रिकांचे नमुने. येत्या रविवारी दुकानाला पन्नास वर्षं होत होती, आणि दुकानाच्या पाटीचा रंग बदलण्यावरून झालेल्या महायुद्धानंतर हे घर पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमताने बसलं होतं.

त्या एकमतात मी प्रश्न टाकला.

काकूचा डाव भातावर तसाच थांबला. आईने टेबलाखालून माझ्या घोट्यावर पाय मारला. आई रागावली की आधी पायाने बोलते, तोंडाने नंतर. बाबा पाण्याच्या पेल्यात काहीतरी शोधत असल्यासारखे बघत राहिले. आणि काका हसले. आमच्या काकांचं हसू काउंटरचं आहे. गिऱ्हाईक कितीही भडकलेलं असो, आधी हसायचं.

"हिला कुणी चावी दिली रे आज?" ते म्हणाले. "भिंग, जेव गपचूप. प्रश्न विचारायला शाळा आहे ना?"

"शाळेतूनच आणलाय."

भिंग मी. पाचव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा आजोबांनीच ठेवलेलं नाव. म्हणाले होते, आमच्या घरातलं सगळ्यात लहान भिंग, पण बघेल सगळ्यात जास्त. आता बघतेय तर पंचाईत!

खण म्हणजे काय ते आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काउंटरच्या डाव्या हाताचा सगळ्यात खालचा खण. नवा चष्मा घेणारी माणसं जुना आमच्याकडे ठेवून जातात. काकू ते चष्मे साबणाने धुते, मऊ फडक्याने पुसते, डोळे मिटून काचेवरून अंगठा फिरवते आणि तीन कप्प्यांत टाकते. जाड, मध्यम, पातळ. ज्याला चष्मा परवडत नाही तो दुकानात येतो, काका त्याला दाराजवळच उभं ठेवून विचारतात, "फार कमी दिसतं की थोडं कमी?" आणि त्या कप्प्यातला एक देतात. फुकट. तपासणीच्या खुर्चीत बसवणं नाही, नंबर काढणं नाही. माणसाच्या दोन डोळ्यांचे दोन वेगळे नंबर असू शकतात, हे अख्ख्या दुकानाला माहीत आहे. खणाला माहीत नाही. आणि एक नियम आहे, काकांच्या अक्षरात खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला: खणातलं परत घेतलं जाणार नाही.

मला त्या खणाचा अभिमान होता. खरंच सांगते, इतका की यंदा शाळेत 'तत्त्वज्ञानाची तोंडओळख' हा नवा विषय सुरू झाला आणि बाईंनी गृहपाठ दिला, "तुमच्या घरातला असा एक नियम सांगा, ज्याचा तुम्हाला अभिमान वाटतो," तेव्हा मी उभी राहून खणाबद्दल असं काही बोलले की मागच्या बाकावरचे झोपलेलेसुद्धा जागे झाले.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आता हाच नियम तुझ्या शेजारणीने दुसऱ्या टोकाला बसून सांगायचा. देणाऱ्याच्या नाही, घेणाऱ्याच्या."

माझी शेजारीण सुतळी. बारीक, म्हणून सुतळी. माझ्या डब्यातलं अर्धं खाऊनही बारीक. ती उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या टोकाला बसलं की नको म्हणता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे डोकं दुखतं, शिलाई वाकडी जाते, तरी छान आहे म्हणावं लागतं. फुकट मिळालंय ना." आणि बसली.

मला वाटलं, काय बाई कल्पनाशक्ती! मधल्या सुट्टीत मी तिची पाठ थोपटायला गेले तर ही रडत होती. तेव्हा कळलं. सुतळीची आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवते. शिवायची. खणातला चष्मा नेल्यापासून टाके सरळ दिसेनात. ती चष्मा बदलून मागायला आमच्या दुकानात आली तेव्हा काकांनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "बाई, फुकट ते पौष्टिक असतं, त्यात चव शोधू नये." चार गिऱ्हाइकं हसली. मग कारखान्यात तिला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं. आता मुकादम म्हणालाय, या आठवड्यात एकदा परत मशीनवर बसून दाखव. कॉलर सरळ आली तर ठीक, नाहीतर दुसरीकडे काम बघ.

सुतळी माझ्या बाकावर बसते. माझ्या! आणि तिने मला एक शब्द सांगितला नव्हता. का, तर दुकान माझं.

हे सगळं मी टेबलावर सांगितलं. एका दमात.

"झालं?" काका म्हणाले. हसू अजून होतं, पण आता दुकान बंद करतानाचं. "आता माझं ऐक. ती बाई मला आठवते. मी तिला काही मारलं नाही की हाकललं नाही. रोज दहा जण येतात खणासाठी. एकेकाची अदलाबदल करत बसलो तर दुकान कोण चालवणार? धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, भिंग."

"दात नका मोजू. पण दूध पिऊन माणूस आजारी पडला तर गोठ्यात डोकावाल की नाही?"

बाबांना ठसका लागला. मला शपथेवर सांगता येणार नाही, पण तो हसण्याचा होता.

"धाकट्या," काका बाबांकडे वळले, "ही भाषा तुझ्या घरची का?"

"दादा, शाळेतली आहे," बाबा पुटपुटले.

"मग शाळा बदल."

आणि आजोबा? ते अजून बोलले नव्हते. आता मी जरा आजोबांच्या डोक्यात शिरते. परवानगी घेतलेली नाही, पण त्यांनीच हे इतक्यांदा सांगितलंय की वाट पाठ आहे.

आजोबा लहानपणी वर्गातले ढ होते. शेवटच्या बाकावरचे. फळा काळा असतो एवढंच त्यांना माहीत होतं. त्यावर काही पांढरं लिहिलेलं असतं हे माहीत नव्हतं. एक दिवस त्यांच्या मास्तरांनी स्वतःचा जुना, काडी तुटलेला चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. दोऱ्याने कानाला बांधला. आणि फळ्यावर अक्षरं उगवली. त्या दिवशी आजोबांनी ठरवलं, आपण हेच करायचं. दुकान नंतर आलं, खण आधी. पहिली दोन वर्षं दुकानात फर्निचर म्हणून तो एक खणच होता. तेव्हा त्यांना माझा प्रश्न कसा लागला असेल? देवळात कुणी चप्पल घालून यावं तसा.

"भिंग," ते शेवटी म्हणाले, आवाज न चढवता, "आंधळ्याला काठी दिली, तर ती सागाची नाही म्हणून कुणी भांडतं का? काहीच न दिसण्यापेक्षा थोडं दिसणं बरं. मी त्या थोड्या दिसण्यावर मोठा झालो. तुझा बाप, तुझा काका, हे टेबल, तुझ्या नाकावरचा तो चष्मा, सगळं त्यावर उभं आहे."

क्षणभर मीच त्यांच्या बाजूची झाले. आजोबांचं हेच वाईट आहे, ते खरं बोलतात.

पण मग काका बोलले, आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. "रविवारी शंभर माणसांची रांग लावणार आहे मी. एका दमात शंभर चष्मे! फोटोवाला सांगून ठेवलाय. बोल, तुझ्या त्या तत्त्वज्ञानात शंभर मोठे की एक?"

"आई," मी आईकडे बघितलं. "तू सांग ना काहीतरी."

माझी आई दुकानात चष्मे बसवते. म्हणजे नाकाच्या, कानाच्या मापाने फ्रेम गरम करून वाकवते. माणसाच्या कानामागे हात घालून विचारते, टोचतंय का? खरं सांगा हं. खणातला चष्मा मात्र तिच्याकडे कधीच येत नाही. तो दारातूनच जातो. आई ताटाकडे बघत म्हणाली, "जेवणं होऊ देत."

मग मी काकूकडे वळले. काकू दिसायला काकांच्या बाजूला बसते, म्हणून सगळे तिला काकांच्या बाजूची धरतात.

"काकू, अंगठ्याने नंबर कळतो?"

"मी कधी म्हटलं कळतो म्हणून?" काकू तडकली. "मला सांगितलं, तीन ढीग कर; मी केले. मी धुते, पुसते, एकाही काचेवर ओरखडा सापडणार नाही. माझ्या कामाला नावं ठेवू नकोस."

"नावं नाही ठेवत. विचारतेय. जी माणसं नेतात ती परत येऊन काय सांगतात?"

"मला कोण सांगणार? मी मागे बसते." ती थांबली. "आणि मला तरी कुणी विचारलं होतं, ढीग करशील का म्हणून?"

काका गर्रकन वळले. "हे आता मध्येच काय?"

"काही नाही. भात वाढू का?"

तिथेच मला वाटतं काहीतरी सरकलं. फार नाही. बाटलीचं झाकण सैल होतं तेवढंच.

मी उठले. खाली दुकानात जाऊन मधल्या कप्प्यातला एक चष्मा उचलला, तपकिरी फ्रेमचा, बघितलाही नाही कुठला ते. वर आले तेव्हा काका म्हणत होते, "लाडावून ठेवलीय," आणि आई आता तोंडाने बोलत होती, "भावजी, तिचं चुकत असेल तर सांगा की कुठे चुकतं." मी चष्मा आजोबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"घालून बघा. एवढंच. पैज संपली."

"तिच्या नादी लागू नका," काका म्हणाले.

"का नको?" आजोबांनी स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवला. मास्तरांचा विद्यार्थी शेवटी. तपकिरी चष्मा नाकावर चढवला, खांदे सरळ केले आणि आमच्याकडे एकेक करून बघितलं.

"दिसतंय?" मी विचारलं.

"दिसतंय की. चांगलं दिसतंय."

"वाचून दाखवा काहीतरी."

त्यांनी समोर हात घातला आणि छापखान्याची पत्रिका उचलली. हाताच्या अंतरावर धरली, मग थोडी जवळ, मग पुन्हा लांब. आणि खणखणीत आवाजात वाचू लागले, "सप्रेम नमस्कार. आमच्या दुकानाच्या सेवेला पन्नास वर्षं पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने, येत्या रविवारी सकाळी योजलेल्या चष्मेवाटपाच्या कार्यक्रमास आपण सहकुटुंब..." एकही शब्द अडखळला नाही. काकांनी टेबलावर थाप मारली. "घ्या! खडखडीत वाचलं! आता बोल, भिंग."

माझा चेहरा पडला होता. भोंग्याला काय सांगायचं याचा विचार करत होते.

"मामंजी," काकू म्हणाली. इतक्या हळू की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. "ती निमंत्रणाची नाही. आभाराची आहे."

नमुने दोन आले होते. एक निमंत्रणाचा, एक कार्यक्रम झाल्यावर पाठवायच्या आभारपत्राचा. तोच पिवळसर कागद, तीच सोनेरी किनार. निमंत्रण आजोबांनी स्वतः लिहिलं होतं, त्यांना पाठ होतं. हातातल्या कागदावर लिहिलं होतं, आपण उपस्थित राहिलात त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

मी ते ठरवून केलेलं नव्हतं. ठरवून करण्याइतकी मी हुशार नाही, आणि इतकी दुष्टही नाही.

आजोबांनी चष्मा उतरवला नाही. कागद तसाच हातात. त्यांचे डोळे त्या काचांमागे मोठे आणि पाणचट दिसत होते, आणि मला एकदम ओरडावंसं वाटलं की सॉरी सॉरी सॉरी. पण त्याच वेळी माझ्यासमोर सुतळीची आई उभी होती, दाराजवळ, चार हसणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये.

"आजोबा," मी म्हणाले, "तुम्ही 'दिसतंय' म्हणालात. सगळे तेच म्हणतात. समोर देणारा उभा असतो ना."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"शंभरच्या जागी," बाबा म्हणाले, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो, कारण बाबा जेवताना बोलले तर ते मीठ मागायलाच. "शंभरच्या जागी दहा जणांना खुर्चीत बसवून नंबर काढला, तर मी रविवारी दहा जणांच्या काचा नंबराप्रमाणे घासून देऊ शकतो. मागच्या खोलीत उरलेल्या काचा आहेत. वाया जातात."

"आणि बाकीच्या नव्वदांना काय?" आजोबांचा आवाज प्रथमच फुटला. "अंधार? तू दहांना नीट देणार आणि नव्वदांना हात हलवत पाठवणार? ते तुला शोभेल. मला नाही."

"बाकीच्यांना तारीख द्यायची," मी म्हणाले.

"काय?"

"तारीख. गिऱ्हाइकाला देतो तशी. अमक्या दिवशी या, तुमचा चष्मा तयार असेल. गिऱ्हाईक थांबतंच ना? रागावत नाही. त्याला माहीत असतं की आपला आहे, येणार आहे."

आजोबा उठले. तपकिरी चष्मा टेबलावर ठेवला, मोठ्याने नाही, अगदी हलक्या हाताने, काचा वर करून, जसा त्यांनी आम्हा सगळ्यांना ठेवायला शिकवलाय. खिशातला स्वतःचा घातला. "कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल," म्हणाले, आणि आतल्या खोलीत गेले. दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग जे व्हायचं ते झालं. काका बाबांना म्हणाले की मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्याला पुढची दुनियादारी कळत नाही. बाबा म्हणाले, कळायला मला कधी पुढे बसवलंय, दादा? काकू ताटं उचलताना काकांचं ताट तेवढं उचलायला विसरली. म्हणजे विसरली असं ती म्हणते. आई ओट्याशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, द्या, मी घासते," आणि काकू म्हणाली, "राहू दे. तू आधी तुझ्या पोरीकडे बघ. तिला शांत कर." जरा थांबून म्हणाली, "फार शांत नको."

जिन्यात आई-बाबांनी मला गाठलं. बाबा दोन पायऱ्या खाली, आई एक पायरी वर, मी मध्ये. यालाच म्हणतात कोंडीत पकडणं.

"तुझं बरोबर आहे," आई म्हणाली, "पण वेळ चुकली. आजोबांचं वय बघ. त्यांच्या कार्यक्रमाला आठवडा राहिला आणि तू सगळ्यांसमोर..."

"बरोबर असायची वेळ कोणती असते, आई? सांगून ठेव, मी तेव्हा येईन."

"उलट बोलू नकोस."

"मग सुलट सांगते. सुतळीच्या आईला काका सगळ्यांसमोर बोलले ते चाललं. मी सगळ्यांसमोर नुसतं विचारलं तर वेळ चुकली! त्यांना लाज वाटली ती कुणाच्या हिशोबात नाही, आपल्याला वाटली तर लगेच वय, कार्यक्रम, पत्रिका..."

"मी करतो काहीतरी," बाबा म्हणाले. "रविवार होऊ दे. मग गुपचूप तिच्या आईला बोलाव, मागच्या दाराने. मी काच घासून देईन. दादाला कळायचंही नाही."

आणि इथे, इतका वेळ जे भांडण दुसऱ्यांशी होतं, ते माझ्या सगळ्यात लाडक्या माणसाशी झालं.

"मागच्या दाराने का?" माझा आवाज चिरकला. "तिने काय चोरलंय? आणि रविवारनंतर का? मुकादम याच आठवड्यात बसवणार आहे तिला मशीनवर!"

बाबांच्या बोटांना काचेची बारीक पांढरी पूड कायम असते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ते ती अंगठ्याने चोळत राहिले.

मी माझा चष्मा काढला. तो बाबांनीच केलेला आहे. प्रत्येक वर्षी माझ्या काचा ते स्वतः घासतात, कडेला हात फिरवून बघतात, कुठे टोचणार नाही ना. मी तो त्यांच्या हातात दिला. मग खिशातून तपकिरी चष्मा काढला. हो, टेबलावरून उचलून आणला होता. तो घातला. जिना वाकला. आईला दोन कडा आल्या.

"उद्यापासून मी हा घालणार," मी सांगितलं. "शाळेत हाच, परीक्षेत हाच, रविवारी पहिल्या रांगेत बसेन तेव्हाही हाच. कुणी विचारलं, तर सांगेन कुठल्या दुकानातला. उद्या सकाळी दुकान उघडलं की सुतळीच्या आईला मी पुढच्या दाराने आणणार आणि तपासणीच्या खुर्चीत बसवणार. काकांना हसायचं तर हसू देत. खणातून नेणारा प्रत्येक माणूस त्या खुर्चीत बसायला लागेपर्यंत माझा चष्मा तुमच्याकडे ठेवा, बाबा."

"वेडी झालीस का?" आईचा आवाज वरून आला. "पडशील! काही दिसतंय तरी का तुला?"

"नाही," मी कठडा घट्ट धरून म्हणाले. "आणि दिसतंय म्हणणारही नाही."